वेल्श भाषेचे रोजचे शब्द

नकाशांत इंग्लंडच्या पश्चिमेस 'वेल्स' असें नांव छापलेलें आपण वाचतों. परंतु तें नांव तेथील लोकांनीं आपल्या देशास दिलेलें नव्हे. जुन्या इंग्रजींत त्या शब्दाचा अर्थ 'परके' असा होता. इंग्रज मागाहून समुद्र ओलांडून आले, आणि त्या बेटावर जे आधींपासून नांदत होते त्यांनाच परके म्हणूं लागले. ते लोक स्वतःस 'कम्री' म्हणवितात. त्यांच्या देशाच्या नांवाचा उच्चारही तोच, आणि भाषेचें नांव 'कम्राइग'. 'कम्री' याचा मूळ अर्थ एका भूमीचे सोबती, म्हणजे देशबंधु. शेजाऱ्यानें ज्यांस परके म्हटलें, त्यांनीं एकमेकांस बंधु म्हटलें. या भाषेंतील अगदीं रोजच्या व्यवहारांतले शब्द आणि वाक्यें कशीं शिकावीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्तानें आपल्याकडील तरुण मंडळी ब्रिटनमध्यें जाते. त्यांतील कांहीं कार्डिफ, स्वॉन्झी, बँगर या गांवीं राहते. त्यांस वाटतें कीं तेथें इंग्रजीनें सर्व भागतें. भागतें हें खरें. पण ज्याच्या घरीं आपण राहतों त्याच्या भाषेंत 'राम राम' म्हणतां येऊं नये, हें बरें नव्हे. दुसरें असें कीं, वेल्श शिकविणारीं पुस्तकें बहुधा इंग्रजी माणसासाठीं लिहिलेलीं असतात. त्यामुळें जें इंग्रजास अवघड तें आपणांसही अवघड, अशी समजूत होते. वस्तुतः इंग्रजीची वाट सोडून मराठींतून या भाषेकडे पाहिलें, तर तिचीं अर्धीं कुलुपें आपल्याच किल्ल्यांनीं उघडतात.

प्रथम उच्चार पाहूं. लिपि रोमन आहे. मात्र इंग्रजीचे संस्कार क्षणभर बाजूस ठेविले पाहिजेत. वेल्श वर्णमालेंत २९ अक्षरें आहेत. त्यांपैकीं आठ अक्षरें दोन दोन चिन्हें जोडून बनलेलीं आहेत, पण तीं एकेकच अक्षर मानावयाचीं. 'डब्ल्यू' हा बहुधा स्वर असून त्याचा उच्चार 'उ' होतो. म्हणून मोटारबस तेथें 'बुस' होते. 'वाय' शब्दाच्या शेवटच्या अवयवांत 'इ' सारखा, आणि बहुतेक इतर ठिकाणीं आपल्या 'अ' सारखा. एक 'एफ्' म्हणजे 'व'. 'फ' हवा असेल तर 'एफ्' दोनदां लिहावयाचा. 'सी' नेहमीं 'क'. हे नियम एकदां पाठ झाले कीं लिहिलेलें वाचतां येतें. इंग्रजीसारखी प्रत्येक शब्दास निराळी परीक्षा द्यावी लागत नाहीं. शब्दांतील आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर येतो.

तीन ध्वनि मात्र मुद्दाम साधले पाहिजेत. पहिला 'ख़', हा उर्दू 'ख़बर' मधील घशांतला ख़ आहे. दुसरा 'डी' दोनदां लिहून दाखवितात तो. जीभ दातांत किंचित् धरून 'द' म्हणावा, इंग्रजी 'धिस' मधल्यासारखा. तो मी येथें 'ध' असा लिहितों. तिसरा ध्वनि 'एल्' दोनदां लिहून दाखवितात. त्यासाठीं जीभ 'ल' च्या जागीं टेकवावी, आवाज न काढतां जिभेच्या बाजूनें नुसती हवा फुंकावी, कीं तो ध्वनि होतो. त्यास मी 'ह्ल' लिहितों. गांवांच्या नांवांत हा फार येतो. 'ह्लान' म्हणजे चर्चचें आवार, आणि त्या शब्दानें सुरू होणारीं गांवें त्या देशांत पुष्कळ आहेत. 'ह्लानेह्ली' हें गांव बिनचूक उच्चारतां आलें म्हणजे विद्यार्थ्यानें स्वतःस उत्तीर्ण समजावें.

आतां प्रत्यक्ष व्यवहार. सकाळीं भेटल्यास 'बोरे दा', दुपारीं 'प्रन्हाउन दा', सायंकाळीं 'नोस्वाइथ धा', आणि रात्रीं निरोप घेतांना 'नोस दा'. 'दा' म्हणजे चांगला. केव्हांही चालेल असें क्षेमकुशल दक्षिणेंत 'शुमाय' आणि उत्तरेंत 'सित माय' या शब्दांनीं विचारतात. आभार मानावयाचे तर 'दिओल्ख़'. फार आभार मानावयाचे तर 'दिओल्ख़ अन वाउर'. 'क्रोइसो' म्हणजे स्वागत, आणि आभाराचें उत्तरही तोच शब्द. कांहीं मागतांना 'ओस ग्वेलूख़ अन धा' असें म्हणतात. हें लांबलचक वाक्य पाठ करण्याचा कंटाळा येऊं नये म्हणून त्याचा अक्षरशः अर्थ सांगतों: 'आपणांस बरें दिसेल तर'. आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत 'योग्य दिसल्यास' असें लिहीत, त्याचेंच हें भावंड.

आणखी एक सोय पाहा. इंग्रजींत लहानथोर सर्वांस एकच सर्वनाम. वेल्शमध्यें 'ती' म्हणजे तूं आणि 'ख़ी' म्हणजे तुम्ही. मुलास, मित्रास 'सित उइत ती?' म्हणजे 'तूं कसा आहेस?' असें विचारावें; वडील माणसास किंवा अपरिचितास 'सित दीख़ ख़ी?' असें विचारावें. इंग्रज विद्यार्थ्यास हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. मराठी मुलास तो घरींच शिकविलेला असतो. नांव विचारावयाचें तर 'बेथ यूख़ एनू ख़ी?' उत्तर देतांना आपलें नांव आधीं घ्यावें आणि पुढें 'दू ई' म्हणजे 'मी आहें' असें जोडावें. 'विनायक दू ई' म्हटलें कीं ओळख झाली.

वाक्याची ठेवण मात्र आपल्या उलट आहे. मराठींत क्रियापद शेवटीं; वेल्शमध्यें तें बहुधा आरंभीं. 'बस उशिरा आहे' हें 'माइर बुस अन हुइर', म्हणजे 'आहे बस उशिरा'. जेथें आपलें वाक्य संपतें तेथें त्यांचें सुरू होतें, एवढें ध्यानांत ठेवावें.

परंतु वाक्याच्या आंतला विचार पुष्कळदां आपलाच असतो. इंग्रजींत मनुष्य प्रत्येक वस्तूचा मालक होऊन बोलतो: भाऊ बाळगतो, पडसें बाळगतो, वेळ बाळगतो. मराठींत तसें क्रियापद नाहीं. आपण 'मला एक भाऊ आहे', 'माझ्याजवळ वेळ आहे' असें म्हणतों. वेल्शमध्यें तेंच: 'माय गेन ई व्राउद', म्हणजे 'आहे माझ्यापाशीं भाऊ'. पडसें झालें तर 'माय आनुइद आर्ना ई', म्हणजे 'पडसें आहे माझ्यावर'. पडसें आपण करीत नाहीं, तें आपल्यावर येतें, हें दोन्ही भाषांस ठाऊक आहे. क्षमा मागतांना 'माइन ध्रूग गेन ई' म्हणतात. 'द्रूग' म्हणजे वाईट. सबंध वाक्याचा भाव 'मला वाईट वाटतें'. इंग्रजीच्या द्वारें गेलें तर या वाक्यांचे हातपाय तोडून तीं पुन्हां जोडावीं लागतात. मराठींतून गेलें तर तीं सरळ चालत येतात.

'होय' आणि 'नाहीं' यांचीही गोष्ट अशीच. सर्व प्रश्नांस पुरेल असा एकच 'होय' वेल्शमध्यें नाहीं. प्रश्नांतील क्रियापद उत्तरांत परत द्यावें लागतें. दुकानांत 'ओइस ह्लाइथ?' म्हणजे 'दूध आहे का?' असें विचारलें, कीं उत्तर 'ओइस', आहे. किंवा 'नाग ओइस', नाहीं. 'अदिख़ ख़िन दोद?' म्हणजे 'तुम्ही येत आहां का?' याचें उत्तर 'अदू', आहें. इंग्रजी विद्यार्थी येथें घाबरून जातो. पण आपण तरी काय करतों? 'जेवलास का?' 'जेवलों.' 'दूध आहे का?' 'आहे.' ही रीत आपल्या स्वयंपाकघरांतलीच आहे.

आतां या भाषेंतील सर्वांत प्रसिद्ध अडचणीकडे वळूं. वेल्श शब्दाचें पहिलें अक्षर प्रसंगाप्रमाणें बदलतें. कार्डिफ शहराचें वेल्श नांव 'काइर्दीध'. 'कार्डिफला' म्हणावयाचें तर 'ई गाइर्दीध'. 'कार्डिफमध्यें' म्हणावयाचें तर 'अङ् ङ्हाइर्दीध'. 'आणि कार्डिफ' म्हणावयाचें तर 'आ ख़ाइर्दीध'. शब्द एक आणि चेहरे चार. ऐकलेला शब्द जसाच्या तसा कोशांत शोधणाऱ्याची येथें फसगत होते.

परंतु ज्यानें शाळेंत संस्कृत संधि घोटले आहेत त्यानें भिण्याचें कारण नाहीं. वाक् आणि ईश मिळून वागीश, जगत् आणि ईश मिळून जगदीश, अप् आणि ज मिळून अब्ज. येथें क चा ग, त चा द, आणि प चा ब झाला. वेल्शमधील मृदु विकारांत हेच तीन बदल पहिले येतात: काइर्दीध चें गाइर्दीध, आणि पोंटीप्रिध या गांवाचें 'ई बोंटीप्रिध'. तसेंच वाक् आणि मय मिळून वाङ्मय, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. हा झाला अनुनासिक विकार. बँगर गांवांत म्हणावयाचें तर 'अम् माङ्गोर', म्हणजे ब चा म. तिसऱ्या विकारांत क चा ख़ होतो, हें वर आलेंच आहे. मृदु विकाराचें कारणही समजण्यासारखें आहे. प्राचीन काळीं त्या भाषेंतील शब्दांच्या शेवटीं स्वर असत, आणि दोन स्वरांच्या कात्रींत सांपडलेला कठोर वर्ण मऊ होई. पुढें ते अंत्य स्वर झिजून गेले. परंतु पुढल्या शब्दावर उठलेला त्यांचा ठसा राहून गेला. आपणही शब्द बदलतोंच: घोडा, घोड्यास, पाऊस, पावसांत. आपण शब्दाचें शेपूट बदलतों, ते त्याचें डोकें बदलतात, इतकाच फरक.

हा विकार केवळ शोभेचा नाहीं; त्यावर अर्थ अवलंबून असतो. 'ताद' म्हणजे बाप. 'ई दाद' म्हणजे त्याचा बाप, 'ई थाद' म्हणजे तिचा बाप, आणि 'व न्हाद' म्हणजे माझा बाप. 'त्याचा' आणि 'तिचा' यांस शब्द एकच आहे. पुढच्या पहिल्या अक्षरावरून ओळखावयाचें. वर सकाळीं 'दा' आणि सायंकाळीं 'धा' असें मी म्हटलें, तेंही याच नियमानें: सकाळ पुल्लिंगी, सायंकाळ स्त्रीलिंगी, आणि स्त्रीलिंगी नामापुढें विशेषण मऊ होतें. 'नोस दा' हा जुना अपवाद तसाच पाठ करावा. यावरून शिकणाऱ्यास एक धडा मिळतो. सुटे शब्द पाठ करूं नयेत. सबंध वाक्यें पाठ करावीं. 'ते' म्हणजे चहा, असें वहींत लिहून ठेवण्यापेक्षां 'पानेद ओ दे', एक कप चहा, असें तोंडांत बसवावें. त चा द आपोआप होईल, आणि नियम मागाहून कळेल.

आंकडे तर घरचेच आहेत. दोनपासून मोजूं: दाइ, त्री, पेद्वार, पिम्प, ख़्वेख़, साइथ, उइथ, नाउ, देग. त्री म्हणजे त्रि, साइथ म्हणजे सप्त, नाउ म्हणजे नऊ, देग म्हणजे दश. नांवास 'एनू', नव्यास 'नेउइध', दातास 'दान्त', महिन्यास 'मीस', विधवेस 'ग्वेधू'. हे शब्द कोणी कोणापासून उसने घेतलेले नाहींत. दोन्ही भाषा एकाच प्राचीन कुळांतल्या आहेत. कलकत्त्यास १७८६ सालीं ज्या सर विल्यम जोन्सनें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीं प्रसिद्ध व्याख्यान दिलें, आणि त्यांत केल्टिक भाषेचाही उल्लेख केला, त्याचे वडील वेल्समधील अँगलसी बेटाचे होते. जुन्या वेल्श मोजणींत विसाचा हिशेब चालतो: चाळीस म्हणजे 'देइगाइन', दोन विसा. अठरास 'देइनाउ', दोन नऊ, म्हणतात. शाळांतून आतां दशमान पद्धत शिकवितात. तरी घड्याळ सांगतांना जुने आंकडे अजून चालतात.

येथवर भाषेची घडण पाहिली. आतां हे साधे शब्द तोंडांतून काढण्यास त्या लोकांस काय किंमत पडली, तें थोडक्यांत सांगतों. १५३६ च्या कायद्यानें वेल्समधील न्यायालयांची व सरकारी अधिकाराची भाषा इंग्रजी झाली. १५८८ मध्यें विल्यम मॉर्गन यानें सबंध बायबल वेल्शमध्यें आणलें, म्हणून देवळांत भाषा टिकली. पुढें १८४७ सालीं सरकारनें नेमलेल्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांनीं तेथील शिक्षणाविषयीं अहवाल दिला. तिघांपैकीं एकासही वेल्श येत नव्हती. तरी लोकांच्या मागासलेपणाचें खापर त्यांनीं त्या भाषेवर फोडलें. तो अहवाल निळ्या वेष्टनांत छापलेला होता. तेथील लोक त्यास आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. त्या शतकांत कित्येक शाळांतून वेल्श बोलतांना सांपडलेल्या मुलाच्या गळ्यांत लांकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरा कोणी बोलतांना सांपडला कीं तो त्याच्या गळ्यांत जाई, आणि शाळा सुटतांना ज्याच्या गळ्यांत राही त्यास छडी बसे. हा कायदा नव्हता. शिक्षकच हें करीत, आणि मुलाचें कल्याण होईल या समजुतीनें पुष्कळ आईबाप त्यास संमति देत. ज्यानें आयुष्य वर्गांत घालविलें त्यास यांतील सर्वांत बोचणारी गोष्ट छडी नव्हे. मुलानें मुलाच्या तोंडाकडे कान लावून बसावें, आणि सकाळच्या 'बोरे दा' ची चहाडी करावी, ही ती गोष्ट होय.

१९०१ च्या शिरगणतींत वेल्समधील सुमारें निम्मे लोक ती भाषा बोलत होते. १९९१ मध्यें शेंकडा १९ हून कमी उरले. मधल्या काळांत कांहीं माणसांनीं पाय रोवले. १९३९ मध्यें अॅबरिस्टविथ येथें सात मुलांची वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. ह्लानेह्लीजवळच्या खेड्यांत ट्रेव्हर बीझ्ली हा खाणकामगार व त्याची पत्नी आयलीन यांनीं १९५२ मध्यें घरपट्टीची मागणी वेल्शमध्यें आल्याखेरीज पट्टी भरण्याचें नाकारलें. वारंवार कोर्टाच्या खेपा झाल्या, जप्तीवाल्यांनीं घरांतलें सामान नेलें. आठ वर्षांनीं, १९६० मध्यें, दोन्ही भाषांतील कागद त्यांच्या दारीं आला. एका घरपट्टीच्या कागदासाठीं एवढें कशाला, असें म्हणणारे तेव्हांही होते. पण भाषा ग्रंथालयांत मरत नाहीं; ती कचेरींत, दुकानांत आणि पत्राच्या पाकिटावर मरते, हें त्या दांपत्यानें ओळखलें होतें.

श्रोतेहो, पुढचा टप्पा तर एका नभोवाणी-भाषणाचाच आहे. १३ फेब्रुवारी १९६२ रोजीं साँडर्स लुइस या साहित्यिकाचें 'भाषेचें भवितव्य' या अर्थाच्या शीर्षकाचें वेल्श भाषण ध्वनिक्षेपित झालें. प्रवाह असाच चालला तर एकविसाव्या शतकाच्या आरंभास ही भाषा जिवंत राहणार नाहीं, असें त्यानें बजाविलें, आणि बीझ्ली दांपत्याचें उदाहरण पुढें ठेविलें. त्याच वर्षीं तरुणांनीं भाषेसाठीं संस्था काढली. १९६७ आणि १९९३ चे कायदे झाले. १९८२ मध्यें वेल्श दूरचित्रवाणी सुरू झाली. २०११ च्या कायद्यानें भाषेस वेल्समध्यें अधिकृत दर्जा मिळाला. आज रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'आराव', म्हणजे सावकाश, असें रंगविलेलें दिसतें. पोलिसांच्या गाडीवर 'हेध्ली' लिहिलेलें असतें. त्याचा अक्षरशः अर्थ शांति-सेना.

तरीही लढा संपलेला नाहीं. २०२१ च्या शिरगणतींत वेल्श बोलणारे सुमारें ५,३८,००० भरले, म्हणजे शेंकडा १७.८; दहा वर्षांपूर्वीं ते शेंकडा १९ होते. २०५० पर्यंत दहा लक्ष बोलणारे करावे, असा तेथील सरकारचा संकल्प आहे. शाळा मुलांस भाषा शिकवितील. पण शिकलेली भाषा शाळेच्या दाराबाहेर बोलली जाईल कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे. वेल्श बोलणारा आज बहुधा इंग्रजीही जाणतो. म्हणून दुकानाच्या दोन्ही बाजूंस वेल्श जाणणारे उभे असतां, एकमेकांस ठाऊक नसल्यामुळें, सर्व बोलणें इंग्रजींत होऊन जातें. यासाठीं कचेऱ्यांतून आणि दुकानांतून वेल्श येणारे नोकर नारिंगी रंगाचें एक बिल्ल्यासारखें चिन्ह छातीवर लावतात. तें दिसलें कीं 'बोरे दा' नें आरंभ करावा.

शिकणाऱ्याची पंचाईत पुढें होते. तो अडखळला कीं समोरचा मनुष्य सौजन्यानें इंग्रजीवर येतो, आणि त्या सौजन्यानें धडा बुडतो. त्यावर दोन वाक्यें औषधासारखीं जवळ ठेवावीं. पहिलें 'द्विन दस्गी कम्राइग', म्हणजे 'मी वेल्श शिकत आहें'. दुसरें 'शारादूख़ अन आराव, ओस ग्वेलूख़ अन धा', म्हणजे 'कृपा करून सावकाश बोला'. बोलणें यास त्या भाषेंत 'शाराद' म्हणतात. आपल्या शारदेशीं त्या शब्दाचें नातें नाहीं, तो केवळ योगायोग. पण त्यामुळें मराठी माणसास तो शब्द विसरतां येणार नाहीं. उत्तरेकडे दुधास 'ह्लेव्रिथ' आणि दक्षिणेकडे 'ह्लाइथ' म्हणतात, असे भेद पुष्कळ आहेत. त्यांचा बाऊ करूं नये. ज्या गांवीं राहावें त्या गांवचा शब्द घ्यावा.

आरंभास दहा वाक्यें पुरेत, पण तीं रोज, मोठ्यानें आणि माणसांशीं बोलावीं. चूक होईल, पहिलें अक्षर बदलावयाचें राहील, ऐकणारा तरीही समजून घेईल. परक्यानें म्हटलेल्या एका 'दिओल्ख़' नें कोणतीही भाषा वांचत नाहीं, हें खरें. पण दुकानांतल्या मुलीस तेवढ्यानें इतकें कळतें कीं आपल्या घरचा शब्द बाहेर चालतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाशीं ती तो आधीं स्वतः म्हणून पाहते. निरोप घेतांना त्या देशांत 'हुइल' म्हणतात. त्या एका शब्दांत जहाजाचें शीडही येतें आणि मनाचा उत्साहही येतो. आपलें शीड वाऱ्यानें भरलेलें असो. हुइल, आणि दिओल्ख़ अन वाउर.